माहेरची साडी आणि सातबारा

चुलीपुढं, गोठ्यात, शिवणयंत्रावर, जिथं कुठं बसून तुम्ही हे ऐकत असाल, तिथं माझा राम राम, जय भीम, सलाम. मी तुमची बचत गटाची समन्वयक. एरवी मी इथं येते ती बँकेचे हप्ते आणि गटाची दशसूत्री सांगायला. आज मात्र रेडिओवरच्या ताई म्हणाल्या, "तुम्हाला मालिका-सिनेमाचं एवढं वेड, तर त्यावरच बोला की!" म्हटलं, बरं झालं. ह्या विषयावर मला तयारी लागत नाही.

आधी एक सांगते. मालिका बघणाऱ्या बायकांना शिकलेली माणसं नावं ठेवतात. "काय त्या रडक्या मालिका बघता," म्हणतात. मला हे पटत नाही. पहाटे पाचला उठून रात्री दहापर्यंत राबणारी बाई अर्धा तास स्वतःसाठी बसते, तो अर्धा तास तिचा आहे. तेव्हा बघा, खुशाल बघा. फक्त बघताना एक प्रश्न मनात ठेवा. मला ती खोडच लागली आहे. पडद्यावर कुठलंही घर आलं, की मी विचारते, "हे घर कोणाच्या नावावर आहे गं?" माझी मुलगी वैतागते. पण हा प्रश्न विचारला की निम्मी मालिका उलगडते.

आता बघा. मालिकेत भांडण होतं, सासू नाहीतर नवरा दाराकडं बोट दाखवतो, "चालती हो माझ्या घरातून!" मागं ढोल वाजतात, विजा कडाडतात, आणि आपली नायिका एक पिशवी घेऊन पावसात बाहेर पडते. आपण डोळे पुसतो. पण त्या एवढ्या मोठ्या खानदानात एकही माणूस असं म्हणत नाही, की बाई, तुला असं बाहेर काढता येत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला आणि २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. त्यात स्पष्ट लिहिलंय, की बाई लग्न होऊन ज्या घरात नांदली, त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. तिला बाहेर काढलं तर ती संरक्षण अधिकाऱ्याकडं जाऊ शकते, न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करू शकते, आणि कोर्ट तिला घरात राहू देण्याचा आदेश देऊ शकतं. हे एका भागात कुणी म्हटलं असतं, तर केवढ्या घरांत ते पोचलं असतं! पण मग पावसातलं चालणं गेलं असतं, म्हणून म्हणत नसतील.

राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी, हे मात्र लक्षात ठेवा. राहता येतं म्हणजे घर आपलं झालं असं नाही. तिथून माझा खरा विषय सुरू होतो.

आपल्या आईच्या पिढीचा सिनेमा म्हणजे 'माहेरची साडी'. १९९१ साली आला. दिग्दर्शक विजय कोंडके, नायिका अलका कुबल. गावोगाव बायका गाड्या करून तो बघायला गेल्या आणि पदर ओले करून परत आल्या. मी पुढं टीव्हीवर कितीदा बघितला ते मोजलं नाही. दर वेळी रडते, आजही रडेन. कारण त्यातलं दुःख खोटं नाही. सासरी जाच सोसणाऱ्या बाईला माहेरची एक साडी म्हणजे काय असते, ते पुरुषांना कळायचं नाही. त्या साडीचा अर्थ असा, की मागं माझं कुणीतरी आहे.

पण गंमत बघा. ह्या सिनेमानंतर तीनच वर्षांनी, १९९४ साली, आपल्या महाराष्ट्रानं हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली आणि मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला. त्या दुरुस्तीच्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या होत्या. मग २००५ साली केंद्रानं देशभरासाठी कायदा बदलला, त्यात लग्न झालेली आणि न झालेली हा भेदच ठेवला नाही. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मुलीचा हा हक्क जन्मानं आहे. २००५ साली वडील हयात होते की नव्हते, ह्यावर तो अवलंबून नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र पुन्हा उघडता येत नाहीत. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख भगिनींना लागू आहे. मुस्लिम भगिनींचा वाटा त्यांच्या व्यक्तिगत कायद्यानं ठरतो, पण तिथंही लेकीला वाटा आहेच, नाही असं नाही.

म्हणजे कायद्यानं साडीच्या जोडीला जमीनही दिली. आपण मात्र साडीवरच थांबलो. भाऊबीजेला भाऊ साडी घेऊन येतो, आणि कधीकधी त्याच पिशवीत एक कागद असतो. त्याचं नाव हक्कसोडपत्र. "ताई, फक्त सही पाहिजे, कर्जप्रकरण अडलंय." ताई सही करते. साडी नेसून झेरॉक्सच्या दुकानात आधारकार्डाची प्रत काढते आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा ठेवून येते. किती वाजता गेली, किती वाजता आली, एवढंच तिला आठवतं. कागदात काय होतं ते तिला माहीत नसतं.

आमच्या गटातल्या एका ताईपुढं असाच कागद आला होता. तिनं एक केलं. म्हणाली, "दादा, आठ दिवस दे, वाचून घेते." कागद गटाच्या बैठकीत आणला. आम्ही सगळ्यांनी मिळून वाचला. पूर्ण हक्क सोडायचा होता, मोबदला काही नाही. ताईनं सही केली नाही. पुढं काय झालं ते गोड करून सांगत नाही. भाऊ वर्षभर बोलला नाही. भावजय लग्नात भेटली तर तोंड फिरवून गेली. ताई बैठकीत रडायची, "मी माझं माहेर विकलं का गं?" पण ती हलली नाही. आज सातबाऱ्यावर तिचं नाव आहे. जमीन भाऊच कसतो, वर्षाला ज्वारी आणि हरभरा तिच्या घरी येतो. बोलणं सुरू झालंय, पहिल्यासारखं नाही, पण सुरू झालंय. आणि तिची म्हातारी आई आता हिच्याकडं राहते.

म्हणून मी कुठल्याच बाईला 'भावाशी भांड' असं सांगणार नाही. कुणाच्या भावाकडं एकरभर कोरडवाहू असेल, त्यावर त्याचीच चार पोरं असतील, आणि ताई राजीखुशीनं हक्क सोडत असेल, तर तो तिचा निर्णय. पण तो निर्णय असू दे, फसगत नको. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करून घेणं फार अवघड असतं. सोडणाऱ्याला आधी कळलं पाहिजे, की आपण काय सोडतोय.

'सैराट' तर तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. नागराज मंजुळेंचा, २०१६ चा. त्यातली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. आपल्या पोरींना ती आवडली ती ह्यासाठीच. पण माझी खोड! मी बघत होते, की ती ज्या शेतात ट्रॅक्टर घेऊन येते, ते शेत पुढं कोणाचं? प्रिन्सचं, म्हणजे तिच्या भावाचं. लेकीनं ट्रॅक्टर चालवलेला बापाला चालतो. पण तिनं स्वतःचा जोडीदार निवडला की तीच लेक परकी होते, आणि पुढं काय होतं ते आठवून अजून अंगावर काटा येतो. लेकीला जमिनीची मालकीण मानणारं घर तिच्या मनाचीही मालकी तिला देईल, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.

जुन्यातला 'उंबरठा' बघितला नसेल तर मिळवून बघा. १९८२ चा, जब्बार पटेलांचा, स्मिता पाटील त्यात आहे. बाई नोकरीसाठी घराबाहेर पडते आणि परत येते तेव्हा तिची जागा भरलेली असते. तो सिनेमा शांता निसळ यांच्या ज्या कादंबरीवरून केला, तिचं नावच 'बेघर'. त्या एका शब्दात सगळं आलं. आपल्याला माहेर असतं, सासर असतं, पण 'माझं घर' म्हणायला जागा नसते.

नव्या गोष्टींत बायका कमावत्या झाल्यात, त्याचा मला आनंद आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको' मधल्या राधिकानं मसाल्यांचा धंदा उभा केला, तेव्हा आमच्या गटातल्या मसालेवाल्या ताया कॉलर ताठ करून फिरत होत्या. किरण राव यांच्या 'लापता लेडीज' मध्ये स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजू माई आहे. ते काम आपल्या छाया कदम यांनी केलंय. कुणाच्या जिवावर नाही, स्वतःच्या कमाईवर जगणारी बाई. पण कमाई हातात येऊन चालत नाही, ती नावावर साठली पाहिजे. गटाचं कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाई भरते, आणि त्यातून बांधलेली खोली नवऱ्याच्या नावावर, असं किती घरांत आहे? हात वर करू नका, रेडिओवर दिसत नाही. मनातल्या मनात मोजा.

आणि हे काही आजचं शहरी खूळ नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला होता, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. ते पुरुषच होते, आणि गावातलेच होते.

आता कामाचं बोलते. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

पहिलं, आपला सातबारा बघा. माहेरचा आणि सासरचा, दोन्ही. महाभूलेखच्या संकेतस्थळावर तो फुकट बघता येतो, मुलाबाळांना मोबाइलवर काढायला सांगा. मालकांच्या नावांत तुमचं नाव आहे का बघा.

दुसरं, घराचा उतारा. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर असते. नवऱ्याच्या नावासोबत बायकोचं नाव लावता येतं. ग्रामसेवकांकडं दोघांनी मिळून अर्ज करायचा.

तिसरं, ज्या ताईंचे मालक वारलेत, त्यांनी वारसनोंदीला उशीर करू नका. मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडं अर्ज द्या. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नवऱ्याच्या मिळकतीत बायको, मुलं, मुली आणि सासूबाई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत.

चौथं, न वाचता सही नाही, न ऐकता अंगठा नाही. वाचता येत नसेल तर गटात आणा. आणि कोर्टाची वेळ आली तर तालुका विधी सेवा समिती बाईला फुकट वकील देते, उत्पन्नाची अट नाही. मारहाण असेल तर १८१ किंवा ११२ ला फोन करा.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्ता जमा झाला की दहा मिनिटं काढा, आणि प्रत्येकीनं सांगा, माझं नाव कुठल्या कागदावर आहे. शिधापत्रिका सोडून सांगायचं हं! आणि रात्री मालिका जरूर बघा. कुणी कुणाला 'चालती हो' म्हणालं, की शेजारी बसलेल्या लेकीला आणि सुनेलाही विचारा, "घर कोणाच्या नावावर आहे गं?" चला, भाकरी करपायच्या आधी थांबते. नमस्कार.