पाहून शिकावे की ऐकून?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



प्रशिक्षणाला आलेले काहीजण म्हणतात, "साहेब, भाषण नको, प्लॉट दाखवा." दुसरे म्हणतात, "नीट सांगा आणि लिहून द्या." त्यावरून हा पाहून शिकणारा, तो ऐकून-वाचून शिकणारा, असे शिक्के आपण स्वतःवर आणि मुलांवरही मारतो. आवड वेगवेगळी असते, हे खरे आहे. परंतु आवडीप्रमाणे शिकवले म्हणजे जास्त येते, याचा पुरेसा पुरावा नाही. हॅरॉल्ड पॅशलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली या विषयावरील संशोधन तपासून हाच निष्कर्ष काढला. म्हणून शिकवण्याची पद्धत माणसावरून नव्हे, तर विषयावरून ठरवावी.

आपल्या कपाशीचेच उदाहरण घ्या. गुलाबी बोंडअळी लागलेले फूल नीट उमलत नाही. पाकळ्या अळीच्या धाग्यांनी चिकटून राहतात. हीच डोमकळी. तिचे वर्णन मी तासभर केले तरी शेतात ती ओळखता येईलच असे नाही. एकदा हातात घेऊन उघडली, आतली अळी पाहिली, की पुन्हा विसर पडत नाही. येथे डोळ्यांचेच काम आहे.

आता फवारणी केव्हा करावी? हे डोमकळी पाहून कळत नाही. कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग सापडले, किंवा १० टक्के फुले अथवा हिरवी बोंडे किडकी आढळली, तर आर्थिक नुकसानीची पातळी आली असे समजावे. म्हणजे २० बोंडे फोडली तर त्यांत २ किडकी. हे आकडे ऐकून, लिहून, पाठच करावे लागतात.

कीटकनाशकाच्या डब्यावर तर दोन्ही गोष्टी आहेत. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा त्रिकोण विषारीपणाचा उतरता क्रम दाखवतो. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. मात्रा, विषबाधेवरील उपचार, शेवटची फवारणी व काढणी यांतील दिवस या गोष्टी मात्र वाचल्याशिवाय कळत नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण जाणता. पुष्कळदा लेबल वाचणारा एक आणि पंप पाठीवर घेणारा दुसरा असतो. म्हणून मालकाने मजुराला त्रिकोण दाखवावा आणि मजकूरही मोठ्याने वाचून सांगावा.

घरी शिकताना व शिकवताना पुढील गोष्टी कराव्यात :

१) नमुना दाखवतानाच त्याचे नाव व लक्षण सांगावे.
२) वहीच्या एका पानावर चित्र काढावे, समोरच्या पानावर आकडे लिहावेत. चित्र सुबक नसले तरी चालेल.
३) "समजले का?" असे विचारू नये, सगळेच मान डोलावतात. वही मिटवून समोरच्याकडून परत वदवून घ्यावे.
४) चार दिवसांनी त्यालाच शेतात एकट्याने शोधायला लावावे.

तिसरी गोष्ट आपण सहसा टाळतो, पण चूक तेथेच उघडी पडते. ती घरात उघडी पडलेली बरी. फवारणीत पडली तर फार महाग जाते.

कपाशी बोंडावर आली की मुलांना बरोबर घेऊन २० बोंडे फोडा आणि हिशेब त्यांनाच करू द्या.