डाल्मेशियन आणि एक पॉइंटर

पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला डाल्मेशियन कुत्रा,
सगळ्यांच्याच ओळखीचा.

त्याच्या लघवीत युरिक आम्ल फार असते.
त्याचे खडे होतात.
नराच्या अरुंद मूत्रमार्गात खडा अडकतो.
कुत्रा पुन्हा पुन्हा पाय वर करतो, कुंथतो,
आणि थेंबही बाहेर येत नाही.

याचे मूळ एका जनुकातल्या दोषात आहे.
आई आणि बाप, दोघांकडून तो आला, तरच दिसतो.
इतर बहुतेक जातींत निरोगी जनुकही टिकून आहे.
डाल्मेशियनमध्ये ते उरलेच नव्हते.

शुद्ध जातीची नोंदवही बंद असते.
बाहेरचे रक्त आत येत नाही.
पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच जोड्या लागतात.
आणि जे जनुक जातीतून हरवले,
ते जातीच्या आतून परत मिळत नाही.

१९७३ मध्ये अमेरिकेतले आनुवंशशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी
डाल्मेशियनचा संकर पॉइंटर जातीशी केला.
फक्त एकदाच.
पुढे दर पिढीत जोडीदार डाल्मेशियनच निवडला,
आणि निरोगी जनुकाची पिल्ले राखली.
काही पिढ्यांत ती अस्सल डाल्मेशियनसारखीच दिसू लागली.

तरीही शुद्धतेच्या आग्रहापायी विरोध झाला.
अमेरिकन केनेल क्लबने या वंशाला नोंदणी खुली केली,
ती २०११ मध्ये.
इतका उशीर व्हायला नको होता.

हरवलेले जनुक बाहेरूनच आणावे लागले.

ज्यांच्या घरी डाल्मेशियन आहे,
त्यांनी त्याला भरपूर पाणी पाजावे.
लघवी अडली,
तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.