निवडणुकीची पत्रके : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मतमोजणी आटोपली की प्रचारपत्रकाला कोणी विचारीत नाही. किराणा दुकानात त्याची पुडी होते, भिंतीवरचे पत्रक पहिल्या पावसात गळून पडते. निकालाचे आकडे तेवढे सरकारी दप्तरात राहतात. त्यांवरून कोण निवडून आला ते कळते. मतदारांना काय हवे होते आणि उमेदवारांनी कोणती वचने दिली होती, हे कळत नाही.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. १९६२ साली चांदा लोकसभा मतदारसंघातून आदिवासी नेते लाल श्यामशाह अपक्ष म्हणून निवडून आले. त्याच वर्षी याच जिल्ह्याचे मारोतराव कन्नमवार राज्याचे मुख्यमंत्री झाले. एकाच वर्षातील हे दोन प्रवाह केवळ आकड्यांवरून उलगडत नाहीत. पक्षाच्या उमेदवाराचे कागद पक्षकार्यालयात सापडू शकतात. अपक्षामागे असे दप्तर नसते. जंगल, जमीन आणि निस्तार यांविषयी त्या काळचे एखादे पत्रक कोणाच्या जुन्या पेटीत उरले असेल, तर त्याचे मोल फार मोठे आहे.

पुष्कळ पत्रकांवर साल नसते. तरीही काळ ठरविता येतो. काँग्रेसची बैलजोडी असेल तर पत्रक १९६९ च्या फुटीपूर्वीचे, गायवासरू असेल तर १९७१ किंवा त्यानंतरच्या काही वर्षांतील, आणि हाताचा पंजा असेल तर १९७८ किंवा त्यानंतरचे समजावे. एकाच मतदारसंघात दोन मते मागितली असतील, तर ते द्विसदस्य मतदारसंघांच्या काळातील होय. ती पद्धत १९६१ मध्ये बंद झाली. ‘गडचिरोली जिल्हा’ असा उल्लेख २६ ऑगस्ट १९८२ रोजी झालेल्या जिल्हानिर्मितीनंतरचा. ‘चांदा’ हे नाव मात्र १९६४ च्या सुमारास अधिकृतरीत्या बदलल्यावरही लोकांच्या तोंडी राहिले. म्हणून एकाच खुणेवर निर्णय देऊ नये.

पत्रकाची भाषाही पाहावी. सिरोंच्याकडे तेलुगू, भामरागडकडे माडिया बोलली जाते. उमेदवाराने कोणत्या भाषेत लिहिले, यावरून तो कोणाला वाचक समजत होता, हे दिसते. मात्र पत्रक हा वचनाचा पुरावा आहे, वचनपूर्तीचा नव्हे. पूल झाला की नाही, हे ग्रामसभेच्या इतिवृत्तात आणि बांधकाम खात्याच्या नोंदींत शोधावे.

कायद्याचेही येथे साहाय्य आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये १९६१ साली घातलेल्या कलम १२७-क नुसार पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे व पत्ते असावे लागतात. प्रकाशकाचे घोषणापत्र व पत्रकाची एक प्रत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. राज्याच्या राजधानीत छापलेल्या पत्रकाची मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. आयोगाच्या सूचनांनुसार मुद्रकाने छापील प्रतींची संख्या व आकारलेली किंमतही कळवावयाची असते. म्हणजे अभ्यासकाला हवी ती माहिती कार्यालयात आपोआप जमा होते. मुदत संपल्यावर ती रद्दीत जाते, हेच दुःख आहे. असे कागद काढून टाकण्यापूर्वी पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

शाळांनी व ग्रामपंचायतींनी काय करावे? निकालानंतर, आचारसंहिता संपल्यावर, सर्व उमेदवारांची पत्रके जमवावीत. हरलेल्यांची तर आवर्जून जमवावीत, कारण ती सर्वांत आधी नाहीशी होतात. पत्रक कोठे, केव्हा मिळाले ते पाकिटावर पेन्सिलीने लिहावे. चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकचे आवरण चढवू नये. कोरड्या जागी, वाळवीपासून दूर ठेवावे. गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी बहिष्काराची पत्रकेही काढली. ती हाती आल्यास पोलिसांच्याच स्वाधीन करावीत. खटले संपल्यावर अशा कागदांचे जतन व्हावे की कसे, हे पुराभिलेख खात्याने ठरवावे.

गावाने कोणाला मत दिले हे गुप्त असते, आणि ते तसेच राहिले पाहिजे. गावाला काय सांगून मत मागितले गेले, हे मात्र गुप्त नाही. त्याचा कागद पुढील पिढीच्या हाती द्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.