धास्ती आहे, भातही आहे



कर्जत तालुक्यातल्या कडाव परिसरातला शेतकरी भातावर जगतो…
आणि भात पावसावर.
तो पाऊसच आता भरवशाचा राहिला नाही.

शेजारच्या खालापूर तालुक्यात,
१९ जुलै २०२३ च्या रात्री, भर पावसात इर्शाळवाडीवर दरड कोसळली.
तेव्हापासून डोंगराखालच्या वाड्यांना पावसाची धास्ती वाटत असेल, तर नवल नाही.

पण धास्ती वाटणं वेगळं…
हातपाय गाळणं वेगळं.

भातापुरता आधार जवळच आहे.
कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचं.
तिथं ‘कर्जत-३’ हे हळवं वाण तयार झालं.
ते लवकर पिकतं.
पाऊस लवकर आटोपला, तरी पीक हाती येण्याची आशा राहते.

शिवाय भिवपुरीच्या टाटा वीजघरातून सुटलेलं पाणी राजनाला कालव्यातून शेतात येतं.
त्यावर उन्हाळी भात होतं. हे तर पावसाळ्यापलीकडचं पीक!

म्हणून पुन्हा सांगायचं…
धास्ती वाटणं वेगळं, हातपाय गाळणं वेगळं.

पेरणीआधी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे हळव्या बियाण्याची चौकशी जरूर करा.