विभाग पारखून घ्या



आपली मुले-मुली विज्ञानात पीएच.डी. करण्यासाठी अमेरिकेचा विचार करू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्यासाठी आम्ही दोन शब्द सांगू इच्छितो.

तेथील बहुतेक विभाग आपली ओळख सारख्याच शब्दांत करून देतात. 'आमचा विभाग म्हणजे एक कुटुंब', 'येथे स्पर्धा नाही, सहकार्य आहे'. सोबत हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे असतात. निवडलेल्या विद्यार्थ्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये भेटीला बोलावून प्रयोगशाळा दाखवतात, जेवू घालतात. चांगले विद्यार्थी मिळावेत म्हणून विभागाने स्वतःची जाहिरात केली तर त्यात गैर काही नाही. परंतु जाहिरातीच्या भरवशावर आयुष्यातील पाच-सहा वर्षे देऊ नयेत.

कारण विद्यावेतन, प्रबंध आणि शिफारसपत्र यांच्या नाड्या बऱ्याच अंशी मार्गदर्शकाच्या हाती असतात. परदेशी विद्यार्थ्याचा तर तेथील मुक्कामही प्रवेश टिकण्यावर अवलंबून असतो. आणि ज्या कुटुंबात वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडता येत नाही, तेही कुटुंबच म्हणवते!

म्हणून नेमके विचारा. पदवीला सरासरी किती वर्षे लागतात? किती जण अर्ध्यावर सोडून गेले? मार्गदर्शकाशी पटले नाही तर तो बदलता येतो काय? उन्हाळ्यात विद्यावेतन चालू राहते काय? जीवशास्त्राच्या अनेक विभागांत पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काम करून मग मार्गदर्शक निवडता येतो. तशी सोय आहे काय? हे प्रश्न प्राध्यापकांना विचाराच, पण तेथे शिकणाऱ्यांना एकांतातही विचारा. प्रत्यक्ष जाणे जमत नसेल तर ई-मेल करा, फोनवर बोला.

अशी माहिती मागणे हा आगाऊपणा नव्हे. 2017 साली जॉन्स हॉपकिन्स, एमआयटी, विस्कॉन्सिन आदी 9 विद्यापीठे आणि 1 कर्करोग संशोधन केंद्र यांनी जीवविज्ञान शाखांतील असे आकडे जाहीर करण्याचे एकत्र येऊन ठरवले. शिवाय, विद्यावेतनासह प्रवेश मिळाल्यास उत्तरासाठी 15 एप्रिलपर्यंत मुदत देण्याचे अनेक विद्यापीठांनी मान्य केले आहे. घाईने होकार देऊ नका.

मित्रांनो, नम्रता म्हणजे गप्प बसणे नव्हे. साध्या प्रश्नाने जो विभाग नाराज होतो, त्याने आपली खरी ओळख करून दिली असे समजा.