तिची बाजू ऐकली का?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कर्जाचं, हप्त्याचं बोलणार नाही. आज बोलायचंय आरोपाबद्दल. आपल्या हातातून पैसे जातात, आपल्या सह्या चालतात. त्यामुळे "सचिवानं पैसे खाल्ले" हे वाक्य कुठल्याही गटात कधीही उठू शकतं. तुम्ही आरोप करणाऱ्या असाल, नाहीतर आरोप झालेल्या. दोघींनीही हे ऐकून ठेवा.

कायद्याचं जुनं तत्त्व आहे: दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही. पण फौजदारी प्रकरणात ही बाजू नेमकी कधी ऐकतात, हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून कागद आला की पोटात गोळा येतो आणि आपण तो कपाटात लपवून ठेवतो.

दोन रस्ते समजून घ्या. पहिला पोलीस स्टेशनचा. गंभीर, म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो. त्याआधी आरोपीला विचारलं पाहिजे, असा आरोपीचा हक्क नाही. आणि ते बरोबरच आहे. एखाद्या बाईवर अत्याचार झाला आणि "आधी त्याला विचारतो, मग तुझी तक्रार घेतो" असं कुणी म्हटलं, तर चालेल का आपल्याला?

दुसरा रस्ता थेट कोर्टाचा. तक्रारदार वकील लावून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खाजगी फिर्याद देतो. पूर्वी यात आरोपीला पत्ताच नसायचा. समन्स हातात पडलं की कळायचं, आपल्यावर खटला उभा राहिलाय. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 223 प्रमाणे अशा फिर्यादीत आरोपीला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय न्यायदंडाधिकारी गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाहीत. म्हणजे खटला उभा राहायच्या आधीच तुम्हाला बोलता येतं. चेक न वटल्याच्या खटल्यात मात्र ही आधीची सुनावणी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये सांगितलंय. तिथं आधी पैसे भरायची नोटीस येते. ती मिळाल्यापासून 15 दिवस हातात असतात. गटाच्या चेकवर सह्या करणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवा.

पोलिसांनी गुन्हा नोंदवून दोषारोपपत्र दाखल केलं, तरी सगळं संपलं असं नाही. त्या कागदांच्या नकला तुम्हाला फुकट मिळाल्या पाहिजेत. त्या वाचून वकिलामार्फत दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढच्या अशा गंभीर खटल्यात नकला मिळाल्यापासून 60 दिवसांत तो करायचा. न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतात. आरोपात दम नसेल, तर आरोप ठेवण्याआधीच ते तुम्हाला सोडू शकतात.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. बोलायचा हक्क आहे म्हणजे बोलायची सक्ती आहे असं नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणालाही भाग पाडता येत नाही, हे संविधानाच्या कलम 20 मध्ये आहे. म्हणून घाबरून काहीबाही लिहून देऊ नका. कोऱ्या कागदावर सही करू नका. आधी वकिलाशी बोला.

"वकिलाला पैसे कुठून आणू?" हा प्रश्न येणारच. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज द्या. नाहीतर 15100 वर फोन करा. कोर्टाचा कागद आला की तारीख बघा आणि त्या तारखेला हजर राहा. घरी बसलं तर आपली संधी आपणच घालवतो, पुढे वॉरंटही निघू शकतं.

आता आपल्या घरचं बोलते. एका गटात बचतीच्या हिशोबात 6,400 रुपये कमी दिसले. बायकांनी सचिवताईंना हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. तिच्या पोरीला शाळेत "चोराची पोर" म्हणून चिडवलं. पोलिसांत जायचंही ठरलं होतं. तेव्हा एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "अगं, तिला कुणी विचारलं का?" सगळ्या गप्प. मिटिंगमध्ये पासबुक आणि भरणा पावत्या समोर ठेवल्या. तीन महिन्यांची बचत चुकून गटाच्या कर्जखात्यात जमा झाली होती. पैसे बँकेतच होते. सचिवताईंचं नाव मात्र गावभर झालं होतं. त्या आजही गटात आहेत, पण सचिवपद पुन्हा घेतलं नाही.

म्हणून प्रत्येक गटानं एक ठराव करावा, असं मी सुचवते. पैशाबद्दल शंका आली, तर जिच्यावर शंका आहे तिला लेखी कळवायचं, काय शंका आहे ते नेमकं लिहून. सात दिवस द्यायचे. कॅशबुक, पासबुक, पावत्या तिलाही बघू द्यायच्या. मिटिंगमध्ये तिचं पूर्ण ऐकायचं, मध्ये तोडायचं नाही. ती काय म्हणाली ते इतिवृत्तात लिहायचं. तरीही हिशोब लागला नाही, तर ग्रामसंघाकडे जा, पोलिसांत जा. जरूर जा. कुणाला पाठीशी घाला असं मी अजिबात म्हणत नाही. खरंच पैसे खाल्ले असतील, तर हेच इतिवृत्त तक्रारीला जोडता येईल.

कोर्टानं आपलं ऐकावं असं वाटतं ना? मग आपल्या सतरंजीवर बसलेल्या बाईचं आपण ऐकलं पाहिजे. पुढच्या मिटिंगला हा विषय घ्या आणि झालेला ठराव तुमच्या सीआरपी ताईंकडे द्या.