चारोळीचें झाड

श्रीखंडांत किंवा बासुंदींत चारोळी नसली, तर मेजवानीला कांहीं उणें आहे असें वाटतें. परंतु ही चारोळी सहसा बागेंत पिकत नाहीं, ती रानांतून येते, हें पुष्कळ श्रोत्यांस ठाऊक नसेल. तिच्या झाडाचें नांव चार. यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणी या बाजूच्या सागवानी रानांत तें वाढतें, आणि तेथील कोलाम व गोंड कुटुंबांच्या तें चांगल्या ओळखीचें आहे.

चार हा आंब्याच्या कुळांतला वृक्ष. उंची साधारणतः ४० ते ५० फूट. काळसर सालीवर खोल चौकोनी भेगा पडतात, त्यामुळें ती मगरीच्या पाठीसारखी दिसते. पानें जाड व चिवट असतात. माघ-फाल्गुनांत हिरवट पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे येतात आणि चैत्र-वैशाखांत फळें पिकतात. पिकलेलें फळ काळें-जांभळें व गोड असतें. त्यांतील टणक कवचाच्या आंत चारोळीचा दाणा असतो. त्याच्या वजनाचा सुमारें निम्मा भाग तेलाचा.

हा दाणा काढणें कष्टाचें काम आहे. फळें रात्रभर भिजवून, चोळून गर काढतात. बिया धुवून उन्हांत वाळवितात आणि जात्यांत हलक्या हातानें भरडतात. हात जड पडला, तर कवचाबरोबर दाणाही चुरतो.

खरें संकट मात्र झाडावर आहे. आपण थांबलों तर दुसरा आधीं तोडून नेईल, या धास्तीनें मध्य भारतांत ठिकठिकाणीं हिरवींच फळें उतरविलीं जातात; घाईंत फांद्याही छाटल्या जातात. कच्च्या फळांतला दाणा सुरकुततो, भाव पडतो, आणि छाटलेल्या झाडाचा पुढचा बहर कमी होतो. कठीण कवचामुळें बी सहजासहजीं उगवतही नाहीं.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावरील वनवासीयांची मालकी मान्य केली. २०१३-१४ पासून केंद्र सरकारनें किमान आधारभूत किमतीच्या योजनेंत चारोळीच्या बियाही घेतल्या. तथापि एकट्यानें संयम पाळून झाड वांचत नाहीं. ग्रामसभेनें तोडणीचा दिवस ठरवावा, सर्वांनीं तो पाळावा आणि कांहीं फळें झाडावरच राहूं द्यावीं. मग दाणाही भरेल आणि रानांत नवीं रोपेंही दिसूं लागतील.